नागपुरात अ‍ॅनिमोन ठेवायचा असेल तर

“ताई, निमोची जोडी घेतली. आता त्याले घर पाहिजे न. कोणता अ‍ॅनिमोन घेऊ?” असा फोन आला की मी आधी टँक किती महिन्यांचा आहे ते विचारते. उत्तर बहुतेक वेळा दोन नाहीतर तीन असतं, आणि तेवढं पुरत नाही. (निमो म्हणजे क्लाउनफिश; अ‍ॅनिमोन म्हणजे खडकाला किंवा वाळूत चिकटून बसणारा, डंख मारणाऱ्या सोंडांचा, फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी. क्लाउनफिश त्याच्या सोंडांत राहतो.)

मी नागपुरात खाऱ्या पाण्याचे टँक सांभाळते. धरमपेठेतले दवाखाने, वर्धा रोडवरची हॉटेलं, मनीषनगर-त्रिमूर्तीनगरातली घरं. मीठ कालवणं, आरओच्या पाण्याचे कॅन पोचवणं, काच घासणं, टेस्ट किट लावणं हा रोजचा धंदा. अ‍ॅनिमोन मी विकत नाही, त्यामुळे तुम्ही घेतला काय नि नाही घेतला काय, माझ्या खिशाला फरक पडत नाही.

पहिली गोष्ट: क्लाउनफिशला तुमच्या टँकमध्ये अ‍ॅनिमोन लागत नाही. समुद्रात लागतो, कारण हा मासा पोहण्यात कच्चा आणि खायला टपलेले पुष्कळ. तिथे अ‍ॅनिमोनच्या डंखाच्या आडोशाशिवाय तो टिकत नाही. तुमच्या टँकमध्ये त्याला खाणारा कोण आहे? शिवाय आज मिळणारे बरेच क्लाउन हॅचरीत जन्मलेले असतात. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने, म्हणजे सीएमएफआरआयने, मंडपम आणि विझिंजमच्या केंद्रांत क्लाउनफिशच्या कितीतरी जातींची पैदास करून दाखवली आहे. अशा माशाने कधी अ‍ॅनिमोन पाहिलेलाही नसतो. समोर ठेवला तरी तो पंपाच्या कोपऱ्यातच झोपतो. त्रिमूर्तीनगरात एक जोडी मातीच्या आडव्या कुंडीत राहते आणि तिच्याच भिंतीवर नेमाने अंडी घालते. कुंडी कॉटन मार्केटजवळून आणलेली, किंमत सांगायची लाज वाटावी इतकी कमी.

म्हणजे अ‍ॅनिमोन माशासाठी हवा असतो हे मनातून काढून टाका. तो तुम्हाला बघायला हवा असतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही, मलाही तासन्तास बघत बसावंसं वाटतं. फक्त मग हिशेब माशाच्या नावावर मांडायचा नाही.

समुद्रातून काढतात म्हणजे काय करतात

क्लाउनफिशला थारा देणाऱ्या अ‍ॅनिमोनच्या जाती जगात दहाच्या आसपास आहेत. त्यातली बबल-टिप ही एक जात टँकमध्ये आपणहून मधोमध दुभंगते, एकाचे दोन होतात; असा दुभंगून झालेला जीव म्हणजे क्लोन. बाकीच्या, म्हणजे कार्पेट म्हणून विकला जाणारा हॅडोनी, जायगँटिया, मॅग्निफिका, सेबे (याच नावाचा क्लाउन मासाही आहे), यांची टँकमध्ये क्वचितच पैदास होते. दुकानात दिसणारा यातला जवळजवळ प्रत्येक जीव कोणीतरी पाण्यात बुडी मारून उपटलेला असतो.

उपटलेला हा शब्द मी रागाने वापरत नाही, काम तसंच असतं. बबल-टिपचा पाय, म्हणजे खालचा चिकटणारा भाग, खडकाच्या खोल फटीत असतो, हॅडोनीचा वाळूखाली पुरलेला. काढणारा माणूस घाईत असतो, त्याला मालावर पैसे मिळतात. पाय फाटला तर जीव बहुधा सडून मरतो, आणि तो मरतो प्रवासात किंवा दुकानात. काढणाऱ्याला ते दिसतच नाही. आपल्याकडे हॅडोनी मुख्यतः मन्नारच्या आखाताच्या बाजूचा. तिथे त्याच्यावर सेबे क्लाउन राहतात. मंडपमहून चेन्नई, चेन्नईहून नागपूर, पिशवीत अर्धा लिटर पाणी आणि ऑक्सिजन. नागपूरला पोचेपर्यंत त्याची काय अवस्था होते ते मी थर्माकोलच्या पेट्या उघडताना पाहिलं आहे. वास येतो.

आता काढलेली जागा बघा. एका मोठ्या अ‍ॅनिमोनवर क्लाउनचं अख्खं कुटुंब असतं: एक मोठी मादी, एक नर, खाली लहान नर. मादी गेली तर नर मादी होतो, खालचा वर सरकतो. सोबत झिंगे, पोर्सेलीन खेकडे, तीन ठिपक्यांच्या डॉमिनो माशाची पिल्लं. माशांच्या अंगातून सुटणारा अमोनिया अ‍ॅनिमोनच्या अंगातल्या शैवालाला खत म्हणून मिळतो. एक जीव काढला की हे सगळे उघड्यावर येतात आणि दुसरा अ‍ॅनिमोन शेजारी रिकामा बसलेला नसतो. फिलिपिन्समध्ये सेबूजवळ हे मोजून पाहिलं गेलं. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जिथे एक्वेरियमसाठी माल काढतात तिथे अ‍ॅनिमोन आणि क्लाउन दोन्ही संरक्षित जागांपेक्षा स्पष्टपणे कमी आढळले.

भरून का निघत नाही, याचं उत्तर वयात आहे. स्कॉटलंडच्या सर जॉन डॅलियल यांनी १८२८ मध्ये किनाऱ्यावरून एक साधा लाल अ‍ॅनिमोन घरी आणला. डॅलियल गेले, अ‍ॅनिमोन राहिला. एकाकडून दुसऱ्याकडे जात तो १८८७ पर्यंत एडिनबरात जिवंत होता. एकोणसाठ वर्षं, तीही काचेच्या बरणीत, हाताने पाणी बदलून. क्लाउनला थारा देणारे अ‍ॅनिमोनही असेच दीर्घायुषी, सावकाश मोठे होणारे मानले जातात. रीफवर, म्हणजे प्रवाळाच्या खडकांत, कार्पेट काढून झालेली जागा पुढच्या हंगामात भरत नाही, आणि तुमच्या हॉलमध्ये तो वर्षभर जगला तर दुकानदार त्याला ‘चांगला टिकला’ म्हणतो.

त्याला दुखतं का, हा प्रश्न लोक विचारतात. मेंदू नाही, नसांचं जाळं आहे. २०२३ साली स्वित्झर्लंडच्या फ्रीबूर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की एका लहान जातीचा अ‍ॅनिमोन उजेड आणि विजेचा हलका झटका यांचा संबंध शिकतो. पुढे नुसता उजेड पडला तरी अंग आक्रसतो. यावरून दुखण्याचा निकाल लावता येत नाही. माझा आक्षेप तसाही दुखण्यावर उभा नाही, रीफच्या रिकाम्या जागेवर आहे.

दुकानात कसं विचाराल

‘वाइल्ड (म्हणजे समुद्रातून काढलेला) आहे का?’ असं विचारू नका. “नाही भाऊ, आपल्याकडे सगळा टँक-ब्रेड माल” हे उत्तर तयारच असतं; टँक-ब्रेड म्हणजे टँकमध्येच जन्मलेला. विचारा, ‘कोणाच्या टँकमध्ये दुभंगला? आईचा फोटो आहे का?’ खरा क्लोन असेल तर सांगणारा खुशीने सांगतो: पुण्यातला अमुक, मुंबईतला तमुक, दिवाळीत स्प्लिट झाला. आईचा व्हिडिओही मोबाइलमध्ये असतो. गोलमाल उत्तर आलं की समजून जा. आणि हॅडोनी, मॅग्निफिका किंवा जायगँटिया ‘टँक-ब्रेड’ म्हणून कोणी विकत असेल तर फोटोसुद्धा मागू नका, सरळ बाहेर पडा.

रंग बघा. पांढराशुभ्र, टोकं जांभळी, ‘दुर्मीळ व्हरायटी’ म्हणून महाग: हा अ‍ॅनिमोन दुर्मीळ नाही, ब्लीच झालेला आहे. अंगातलं शैवाल निघून गेलं, म्हणजे त्याचं जेवण बंद झालं. निरोगी सेबेचा रंग बहुधा तपकिरी, मळका, लोकांना न आवडणारा असतो. त्याहून वाईट म्हणजे पिवळाधमक किंवा गडद निळा; तो बहुधा रंगात बुडवलेला असतो. हो, प्राण्याला रंगवतात. रंग उतरायला काही आठवडे जातात, जीव जायलाही तेवढेच.

तोंड बंद आणि आवळलेलं हवं. उघडं लोंबणारं तोंड वाईट लक्षण. पाय कशाला तरी घट्ट धरून असावा. दुकानदाराला खाऊ घालायला सांगा, कोळंबीचा तुकडा चिकटला पाहिजे.

इथे एक गोष्ट सविस्तर सांगते, कारण भली माणसं इथेच फसतात. दुकानात कोपऱ्यात मलूल, पांढरा पडलेला कार्पेट असतो. घरातली मुलगी म्हणते, आई, याला आपण वाचवू. दुकानदार भाव पाडतो. तुम्ही घरी नेता, रात्री जागता, कदाचित वाचवताही. पण सोमवारी दुकानदार वहीत काय लिहितो? ‘कार्पेट गेला, एक मागव.’ त्याला कळलं की मरतुकडा मालही विकला जातो. मंडपमला पुन्हा कोणीतरी बुडी मारतो. तुम्ही सोडवलात एक, मागवलात एक. मरू देणं निर्दयपणाचं वाटतं, मला मान्य आहे, पण दुकानदाराच्या अंगावर नुकसान पडल्याशिवाय ती ऑर्डर थांबत नाही. ‘आठ दिवसांत मेला तर दुसरा फ्री’ ही हमीही तशीच. ती मान्य करताना तुम्ही एकाच खरेदीत दोन-तीन जीवांचा खर्च मान्य करता. अशी हमी देणाऱ्याकडून काहीच घेऊ नये असं माझं मत आहे.

‘पण त्या कोळ्यांच्या पोटाचं काय?’ हा प्रश्न मात्र टाळण्यासारखा नाही. मला तो खरा वाटतो. क्वीन्सलंडमध्ये परवाना आणि वर्षाचा कोटा ठरवून काढतात, तसं कुठे काटेकोर असेल तर मी इतकी कडक बोलणार नाही. आपल्याकडे दुकानातल्या पिशवीवर कोणी, कुठून, किती काढले याचा एक शब्द नसतो. आणि काढणाऱ्याच्या हातात शेवटच्या किमतीतला अगदी थोडा भाग पडतो. किनाऱ्यावरच्या माणसाला पैसे मिळावेत असं वाटत असेल तर हॅचरीचा क्लाउन घ्या, थोडा महाग पडला तरी.

कायद्याचं दोन ओळींत: अ‍ॅनिमोन साइटिसच्या, म्हणजे दुर्मीळ जीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत नाही, म्हणून ‘लीगल आहे’ म्हणून विकतात. पण मन्नारचं आखात असो की आपलं मालवण, सागरी राष्ट्रीय उद्यानातून आणि अभयारण्यातून असं काहीही काढता येत नाही; आणि त्याच दुकानात मिळणारे हार्ड कोरल (कठीण सांगाड्याचे प्रवाळ) वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ‘लाइव्ह रॉक’ला, म्हणजे टँकसाठी समुद्रातून आणलेल्या जीवजंतूंच्या खडकाला, चिकटून जिवंत कोरल आला तर तुम्ही अडचणीत. लीगल असणं आणि बरोबर असणं यातलं अंतर अ‍ॅनिमोनच्या बाबतीत बरंच मोठं आहे.

क्लोन मिळाला, आता नागपूर

क्लोन नैतिक आहे म्हणून आपोआप जगत नाही. त्याला पाणी २५ ते २७ अंशांच्या आत हवं, वर्षभर. आपल्या गावात २३ मे २०१३ ला पारा ४७.९ वर गेला होता. नवतपात बंद घरातलं पाणी चाळिशीकडे निघतं. पंख्याने भागतं असं मुंबईचे लोक सांगतात. त्यांचा उन्हाळा वेगळा. आणि हॉलमध्ये कूलर चालू असेल तर पंख्याचाही उपयोग कमी होतो, कारण हवा आधीच ओली असते, टँकमधून पाणी उडत नाही, उडालं नाही तर थंड होत नाही. म्हणून चिलर, म्हणजे टँकचं पाणी थंड ठेवणारं यंत्र. त्याचे पैसे अ‍ॅनिमोनच्या आधी बाजूला ठेवा, आणि ते नसतील तर इथेच थांबा.

वीज गेली तर? चिलर इन्व्हर्टरवर चालवायचा म्हटलं तर मोठी बॅटरी लागते. निदान एक पंप आणि बॅटरीचा एअर पंप इन्व्हर्टरवर असलाच पाहिजे, नाहीतर बंद पाण्यात ऑक्सिजन आधी संपतो. फ्रिजरमध्ये आरओच्या पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा. वीज गेली की झाकण न उघडता तशाच टँकमध्ये तरंगत सोडायच्या. उन्हाळ्यात गावाला जाणार असाल तर किल्ली शेजारच्या काकूंकडे देऊन भागणार नाही, टँक कळणारा माणूस हवा.

कोरड्या एप्रिलमध्ये कूलर लावायच्या आधी उलटं होतं. २०० लिटरच्या उघड्या टँकमधून दिवसाला पाचेक लिटर पाणी सहज उडतं. मीठ मागे राहतं. तीन दिवस वरून पाणी घातलं नाही तर ३५ ची क्षारता, म्हणजे लिटरमागे मिठाचे ग्रॅम, ३८ च्या जवळ जाते. मासा सहन करतो, अ‍ॅनिमोन आक्रसून बसतो. भरायला साधं आरओ-डीआयचं (क्षार काढून टाकलेलं) पाणी, मिठाचं नाही. बोअरचं पाणी तर टँकजवळही आणू नका. ऑटो टॉप-ऑफ, म्हणजे उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र, लावा, तो चिलरच्या मानाने काहीच नाही.

टँक किमान सहा महिने चाललेला हवा, वर्ष झालं असेल तर उत्तम. बबल-टिपसाठी २०० लिटर धरा. तो ३० सेंटिमीटरपर्यंत पसरतो. हॅडोनी त्याच्या दुपटीपेक्षा मोठा होतो आणि तुमचे मासे खातो, हेही दुकानात कोणी सांगत नाही. नायट्रेट १० पीपीएमच्या खाली, क्षारता ३५, पीएच ८.१ ते ८.४, एल्कलिनिटी ८ ते १० डीकेएच (टेस्ट किटवर दिसणारी एककं), आणि हे आकडे आठवडाभर हलता कामा नयेत. आकडा थोडा चुकीचा पण स्थिर असेल तर अ‍ॅनिमोन जुळवून घेतो. हलणाऱ्या आकड्याशी नाही.

वेव्हमेकरला, म्हणजे टँकमध्ये प्रवाह करणाऱ्या पंख्याला, स्पंजची टोपी आधी लावा. अ‍ॅनिमोन चालतो, रात्रीत टँकच्या दुसऱ्या टोकाला जातो, आणि पंखा त्याला ओढून घेतो. चिरडलेला अ‍ॅनिमोन पाण्यात जे सोडतो त्याने सकाळपर्यंत सगळे मासे मरू शकतात. आणल्यावर तासभर थेंबाथेंबाने पाणी जुळवा, फटी असलेल्या खडकावर ठेवा, मग हात मागे. त्याला जागा त्याची त्याला निवडू द्या. खायला आठवड्यातून एक-दोनदा नखाएवढा कोळंबीचा तुकडा पुरे.

घरी आधीच वाइल्ड असेल तर

ठेवा आणि नीट ठेवा. तो आता तुमचा आहे. सुट्टीत मालवणला गेलात तेव्हा समुद्रात सोडून येऊ नका. तुमच्या टँकमधले जीवजंतू, दुसऱ्या समुद्रातले परजीवी, सगळं त्याच्याबरोबर जातं. फुटाळा किंवा अंबाझरीच्या गोड्या तलावात टाकणं तर नुसतं मारणं आहे. सांभाळणं होत नसेल तर चिलर असलेला, जुना टँक शोधा आणि फुकट द्या. विकलात तर तुम्हीही त्या साखळीतले दुकानदार झालात.

नव्याने आणलेले मॅग्निफिका आणि कार्पेट वाचवायला लोक वेगळ्या टाकीत सिप्रोफ्लॉक्सासिनचा डोस देतात, रोज पाणी बदलून. कधीकधी उपयोग होतो. पण रोजचं ते औषधी पाणी सिंकमधून नाल्यात आणि नाल्यातून नागनदीत जातं, याचाही हिशेब त्या अ‍ॅनिमोनच्या नावावरच लागतो. जीव काढून आणल्यावर त्याला माणसाचं अँटिबायोटिक द्यावं लागतं, हेच मला त्या व्यापाराबद्दल पुरेसं वाटतं.

तो मेला तर जागा रिकामी राहू द्या. आकार धरत नाही, तोंड उलटं झालं, अंग विरघळायला लागलं, वास आला, तर वाट बघू नका. लगेच काढा, पाणी साफ करणारा कार्बन घाला, चौथा हिस्सा पाणी बदला.

आणि बबल-टिप ठेवलात तर कधीतरी सकाळी एकाच्या जागी दोन दिसतील. घाईने वाटून टाकू नका. फाटलेली बाजू भरू द्या, महिनाभर स्वतः खाऊ लागलं की मगच द्या. पाय खरवडून काढायचा नाही. खडकासकट द्या, किंवा खडकाच्या मागून बर्फाचा खडा लावा, तो आपणहून सोडतो. देण्याघेण्याचं काम दसऱ्यानंतर आणि होळीच्या आत. जानेवारीच्या थंडीत पिशवी स्वेटरमध्ये गुंडाळा, स्कूटरच्या डिक्कीत नको.

पैसे घेऊ नका असं मी म्हणत नाही, वीजबिल तुम्ही भरता. फक्त शहरात वाइल्ड कार्पेट ज्या भावाला मिळतो त्याच्यापेक्षा क्लोन स्वस्त ठेवा. दवाखान्यातल्या एका रोझ बबल-टिपचे क्लोन आम्ही असेच देतो, आणि घेणाऱ्याला आधी चिलरचा फोटो पाठवायला लावतो.